तानुबाईला पास करणारा पट्टा

मित्रांनो, माझ्या पाठीवर माणसं चालून चालून घामाघूम झाली, आणि त्यांतलं एकही माणूस खोलीच्या भिंतीपलीकडे पोचलं नाही. मी एक जुना चालता पट्टा आहे. डॉक्टर मला ट्रेडमिल म्हणत. ज्यांची जीभ त्या शब्दावर अडखळे ते नुसतं 'मशीन' म्हणत. सांगलीतल्या एका बंद पडलेल्या दवाखान्याच्या मागच्या पडवीत आता मी पडून आहे. शेजारच्या बायका माझ्या दांड्यावर गोधड्या वाळत टाकतात आणि उन्हाळ्यात पट्ट्यावर कुरडया घालतात. कुरडयांबद्दल माझी तक्रार नाही. त्या निदान खोटं बोलत नाहीत.

माझा जन्म परदेशातला. लोखंडी सांगाडा, दोन रूळ, त्यांवर ताणलेला जाड रबरी पट्टा, पोटात मोटर आणि धरायला समोर एक आडवा दांडा, एवढाच माझा देह. मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात मी काही वर्षं राबलो. तिथं नवं मशीन आलं आणि मला जिन्याखाली ढकललं. तिथून मला डॉक्टर धनपाल मगदूम यांनी उचललं. हे सांगलीजवळच्या जैन शेतकऱ्याघरचे. मुंबईत हृदयरोगाचं शिकून गावाकडं परत निघाले होते. एकोणीसशे सत्याहत्तरच्या दिवाळीनंतर, उसाच्या गाड्यांमागं रखडत रखडत, ट्रकमधून मी सांगलीत उतरलो. चार हमालांनी मला माडीवर चढवलं आणि त्यांतल्या एकानं विचारलं, "ह्यो पिठाचा हाय का उसाचा?" डॉक्टर हसले. म्हणाले, "ह्यात माणूस घालायचा."

माझं काम काय ते सांगतो. माणूस पलंगावर निवांत पडलेला असतो तेव्हा त्याच्या हृदयाला रक्त थोडंच लागतं. हृदयाच्या नळ्या आतून अरुंद झालेल्या असल्या तरी तेवढ्यापुरतं भागतं. पाटात गाळ साचला तरी एक वाफा भिजतो, पाणी कमी पडतं ते सगळे वाफे एकदम मागायला लागल्यावर. तसंच हे. म्हणून झोपवून काढलेला हृदयाचा आलेख पुष्कळदा स्वच्छ येतो आणि घरी गेलेला माणूस जिन्यातच कोसळतो. डॉक्टर अशा माणसाला माझ्यावर चालवत. छातीला तारा लावलेल्या असत. थोड्या थोड्या वेळानं माझा वेग वाढे, चढ वाढे, आणि एखाद्याच्या आलेखाची रेघ खाली बसू लागे. दडलेलं दुखणं असं उजेडात येई. पण त्यासाठी दोन गोष्टी लागत. एक म्हणजे तारा नीट चिकटलेल्या, आणि दुसरी म्हणजे चालणाऱ्याच्या तोंडून निघालेलं खरं उत्तर.

सुरुवातीला माझं कौतुक झालं. हळदीच्या पेठेत पोती वाहणारा केरबा आला होता. झोपवून काढलेला त्याचा आलेख बघून दुसऱ्या कुणीतरी त्याला पित्ताचं चूर्ण दिलं होतं. माझ्यावर चढला, जरा चढ लागला, आणि त्यानं सरळ हात वर केला. "थांबवा साहेब. छातीत आवळतंय." त्याच वेळी रेघही खाली बसली. डॉक्टरांनी मला थांबवलं, त्याला औषधं दिली, ओझं बंद करायला लावलं. केरबा जगला. दसऱ्याला तो झेंडूची माळ घेऊन आला, माझ्या दांड्याला बांधली, चप्पल बाहेर काढून आत आला आणि माझ्या पाया पडला. माझे पाय कुठले ते त्याला सापडले नाहीत, म्हणून त्यानं मोटरीला हात लावला. त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं. आपलं काही चुकत नाही, असं यंत्राला वाटू लागलं की त्याचे दिवस भरत आले समजावं.

कारण पुढं माझ्याकडं वेगळीच माणसं येऊ लागली. साखर कारखान्याचे एक संचालक, भाऊसो, स्वतःला काही होत नसताना हौसेनं चालून गेले. बाहेर बाकावर बसून म्हणाले, "मशीन दमलं, मी न्हाई." मग काय, बाकीचे संचालक आले. कोण जास्त वेळ चालला, कोणाला चढ जास्त लागला, ह्याच्या गप्पा पानाच्या ठेल्यापर्यंत गेल्या. कुस्तीचा आखाडा करून टाकला माझा. मी दुखणं शोधायला बसलोय हे ते विसरले, आणि मी पास-नापास करतो असं सातारा-सांगली भागात पसरलं. डॉक्टर प्रत्येकाला समजावत. लोक मान डोलवत आणि जाताना विचारत, "पास झालो न्हवं?"

अठ्ठ्याहत्तरच्या हिवाळ्यात रहिमतपूरकडच्या एका गावातून सुभेदार लालासाहेब आपल्या बायकोला, तानुबाईला, घेऊन आले. रेल्वेनं आले होते. लालासाहेब पलटणीतून निवृत्त झालेले, ताठ कण्याचे, पांढरा फेटा, पायात चकचकीत बूट. गावातल्या पोरांना ते भरतीसाठी तयार करत. त्यांच्या हाताखालून गेलेली पोरं निम्म्या हिंदुस्थानात पहारा देत होती, आणि ते त्यांनी खुर्चीत टेकायच्या आत डॉक्टरांना सांगितलं. तानुबाई पन्नाशीची, रापलेली, नऊवारी लुगड्यातली. ती भिंतीला टेकून उभी राहिली.

"सांगा मावशी, काय होतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"वैरणीचं वझं घिऊन वड्याचा चढ चढताना हितं दाबतंय," तिनं छातीच्या मधोमध मूठ ठेवली. "डावा हात भरून येतो. वझं टाकून बसलं की जातंय."

डॉक्टरांचा चेहरा बदलला. पलंगावर झोपवून त्यांनी आलेख काढला, तो अगदी स्वच्छ आला. लालासाहेबांना हायसं वाटलं, पण डॉक्टर म्हणाले, "ह्या आलेखावर माझा विश्वास नाही. मावशी सांगतायत त्यावर आहे. मशीनवर चालवून बघू."

डॉक्टर नवा कागद आणायला गेले आणि दवाखान्यातली नर्स गुणमाला तानुबाईला पडद्यामागं घेऊन आली. चोळी काढायला तानुबाई काही केल्या तयार होईना. परपुरुष खोलीत येणार, आणि ती उघड्या छातीनं चालणार, हे तिच्या डोक्यातच बसेना. बरीच समजूत घातल्यावर तिनं चोळीच्या आतून तारा लावू दिल्या आणि वरून गाठ पुन्हा घट्ट मारली. मग हळूच म्हणाली, "पोरी, ह्या मशीनला खरं कळतं म्हनत्यात, व्हय?"

"कळतं की, मावशी."

"मग ब्येस झालं. घरात समद्यास्नी वाटतंय मी सोंग करते. सून म्हनती, वैरणीचं वझं दिसलं की आत्याबाईंच्या छातीत कळ येती." ती थोडं हसली. "एकदा मशीननंच सांगू दे."

मित्रांनो, इतकी वर्षं माझ्यावर माणसं चढली, पण माझ्याकडून कुणी काही मागितलं असेल तर ते ह्या बाईनं. तिला औषध नको होतं, सवलत नको होती. आपण खोटं बोलत नाही एवढं कुणीतरी सांगावं, इतकंच हवं होतं. आणि ते मला करता येण्यासारखं होतं.

गुणमाला डॉक्टरांना बोलवायला गेली. तेवढ्यात लालासाहेब पडद्याआड आले. खोलीत आता ते दोघं आणि मी. त्यांनी आवाज खाली केला.

"तानू, ऐक. भरतीच्या मेडिकलला डाक्टर इचारतो, दुखतंय का. व्हय म्हणलं की फेल. चांगली चांगली पोरं ह्या एका शब्दापायी घरी आलेली बघितल्यात मी. तू न्हाईच म्हनायचं. दात खाऊन चालायचं."

"आवं, पन दुखलं तर?"

"दुखू दे की. थांबलं की जातंयच न्हवं? एकदा पास झालीस की रोग न्हाई, मिटलं." त्यांचा आवाज एकदम कापरा झाला. "मला तू पास झालेली पायजेस गं. दुसरं कायबी ऐकायची ताकद न्हाई माझ्यात."

तिनं त्यांच्याकडं बघितलं. पाटावर बसून त्यांच्याशी लग्न लागल्यापासून तिनं त्यांचा असा आवाज ऐकला नसावा. ती म्हणाली, "बरं."

रागावू तरी कुणावर? त्यांचा तिच्यावर जीव होता, हे मला लख्ख दिसत होतं. आयुष्यभर जे शिकले आणि शिकवलं तेच त्यांनी तिला प्रेमानं दिलं. डॉक्टरला फसवलं की आजाराला फसवलं, असं त्यांना खरोखर वाटत होतं. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. मला फक्त मोटर आहे.

तानुबाई अनवाणी माझ्यावर उभी राहिली. चढण्याआधी तिनं पट्ट्याला बोटं लावून कपाळाला लावली. मी सुरू झालो आणि तिच्या जोडव्यांचा आवाज पट्ट्यावर पडू लागला. आधी सावकाश, मग चढ लागला तसा जड. घामानं चोळीखालच्या तारा सरकल्या आणि आलेखाची रेघ थरथरू लागली. वर, खाली, जाड, बारीक, कशाला कशाचा मेळ नाही. डॉक्टर कागदावर वाकले. गुणमालाही वाकली. लालासाहेब दाराशी सावधान उभे होते.

"मावशी, छातीत काही होतंय?"

"न्हाई."

"हात भरून येतोय?"

"न्हाई."

तिच्या तळव्यांनी मला वेगळंच सांगितलं. डाव्या बाजूचं पाऊल आखडून पडत होतं. आणि माझा दांडा तिनं असा आवळला होता की हातातल्या काचेच्या बांगड्या मनगटात रुतल्या. वैरणीचं ओझं घेऊन ओढ्याचा चढ चढणारी बाई, पडू नये म्हणून काही दांडा तसा धरत नसते. वेदना सोसायला माणूस काहीतरी धरतं, तसा तिनं मला धरला होता. समोर तीन माणसं होती. दोघं एका बिघडलेल्या कागदाकडं बघत होती आणि तिसरा आपली बायको कशी दमदार चालते हे बघत होता. तिच्या हाताकडं एकानंही बघितलं नाही.

अखेर डॉक्टरांनी मला थांबवलं. तानुबाईची बोटं दांड्यावरून सुटेनात. गुणमालानं एक एक करून ती सोडवली आणि म्हणाली, "घाबरल्यात मावशी मशीनला." सगळे हसले. तानुबाईही हसली. तिच्या ओठांना रंग नव्हता.

आता डॉक्टर काय म्हणाले ते नीट ऐका, कारण पुढं ह्यावरच सगळं गेलं. ते म्हणाले, "दुखलं नाही म्हणता, पण आलेख नीट आलेला नाही. ह्यावरून मला काहीच सांगता येत नाही, चांगलं नाही आणि वाईटही नाही. येत्या गुरुवारी परत आणा. गुणमाला एकटी तारा लावेल, मी पडद्याबाहेर थांबेन. तोवर ओझं उचलायचं नाही, आणि कळ आली तर ह्यातली गोळी जिभेखाली ठेवायची." तानुबाईनं गोळ्यांची पुडी पदराच्या टोकाला बांधली.

जिना उतरताना लालासाहेबांचा आवाज माडीवर ऐकू आला. बाकावरच्या अनोळखी माणसांना ते सांगत होते, "पास झाली आमची. हूं का चूं केलं न्हाई."

गुरुवारी त्यांची वाट बघितली गेली. गुणमालानं पडदा धुऊन लावला होता, खोलीचं दार आतून लावता यावं म्हणून कडी बसवून घेतली होती. ते आले नाहीत.

पुढच्या आठवड्यात लालासाहेब एकटेच आले. डोक्याला फेटा नव्हता. डॉक्टर उठून उभे राहिले. लालासाहेबांनी खिशातून एक पुडी काढली आणि माझ्या शेजारच्या टेबलावर ठेवली.

"आमची गेली, साहेब. वड्याच्या चढावर. वैरण डोक्यावर हुती."

डॉक्टर खुर्चीत बसले. मग म्हणाले, "ओझं नको म्हणालो होतो मी. गुरुवारी का आणलं नाही?"

"पास झालेल्याला परत मेडिकलला कोन नेतंय? भडंग खात गेली सांगलीच्या ठेसनावर, खुशीत. घरी गेल्यावर मीच सुनंला सांगितलं, तुझी सासू फिट हाय. मग कामाला लागलीच की ती."

डॉक्टरांनी पुडी उघडली. सगळ्या गोळ्या जशाच्या तशा होत्या.

"एकही घेतली नाही?"

"पदराची गाठसुदिक सोडली न्हवती." लालासाहेबांचा स्वर चढला. "कशाला घेईल? रोग न्हवताच म्हनं तिला. तुमच्या मशीननंच सांगितलं की."

डॉक्टर पुष्कळ काही सांगू शकले असते. ते फक्त एवढंच म्हणाले, "दुखत नाही म्हणाल्या हो त्या. मी दोनदा विचारलं." आणि तोंड धुवायला आतल्या खोलीत गेले.

लालासाहेब माझ्याजवळ आले. त्यांनी बूट काढले. माझ्यावर पाय ठेवला, दोन्ही हातांनी दांडा धरला आणि बंद पट्ट्यावर तसेच उभे राहिले.

"मी म्हणलो म्हनून न्हाई म्हणलीस व्हय गं?" त्यांनी विचारलं.

त्यांनी दांड्यावर कपाळ टेकवलं. त्यांचा सगळा भार माझ्यावर आला, आणि मला वाटलं, आता हा माणूस आत जाईल, डॉक्टरांना खरं सांगेल. पुढच्या बाईच्या नवऱ्याला डॉक्टर आधी खोलीबाहेर काढतील. एवढं झालं असतं तरी तानुबाईचं जाणं कुणाच्या तरी उपयोगी पडलं असतं.

आतून पावलं वाजली. लालासाहेब खाली उतरले. बूट घातले, नाड्या बांधल्या, कणा ताठ केला. बाहेर जाऊन बाकावरच्या माणसांना खणखणीत आवाजात म्हणाले, "मशीन खोटं हाय ह्यांचं. चढू नका त्याच्यावर."

एका सुभेदाराचा शब्द होता तो. ह्या भागात त्याला वजन आहे. महिन्याभरात रहिमतपूरपासून जतपर्यंत सगळीकडं झालं की सांगलीचं मशीन चांगल्या बाईला पास करतं आणि आठवड्यात मारतं. भाऊसो म्हणाले, मला आधीच शंका होती. केरबा तेवढा पेठेत भांडत राहिला, "आरं, माझं खरं सांगितलं की त्यानं." त्याला कुणीतरी उत्तर दिलं, तुझं नशीब. दसऱ्याला त्याच्या एकट्याचीच माळ आली.

डॉक्टरांनी मला फारसं सुरू केलं नाही. छातीत दुखतं म्हणून येणाऱ्या बायकांना पलंगावरचा स्वच्छ आलेख दाखवून घरी पाठवायचं त्यांच्या जिवावर येई, आणि माझ्यावर चढायला कुणी तयार होत नसे. एकोणऐंशी सरता सरता ते दवाखाना आवरून पुण्याला गेले. अखेरपर्यंत त्यांची समजूत हीच राहिली, की सरकलेल्या तारांनी त्या बाईचा जीव घेतला. तारा सरकल्या हे खरं आहे. पण पडद्याआड बोललेले शब्द त्यांना कधी कळलेच नाहीत, आणि जो ते बोलला तो गावात आजही पोरांना शिकवत असेल, डॉक्टरनं विचारलं तर न्हाई म्हना. दवाखाना रिकामा करताना, मला मागच्या पडवीत उतरवायच्या आधी, गुणमालानं माझा दांडा पुसला. पुसता पुसता मध्येच थांबली, तानुबाईनं धरला होता तसा दांडा धरून बघितला, हळूहळू घट्ट करत गेली. मग फडकं तिथंच टाकून निघून गेली.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी आम्ही जुन्या वस्तू तुमच्याकडं काळजी मागतो. तेलपाणी करा म्हणतो, गंज काढा म्हणतो. मला तसलं काही नको. मला गंज लागू द्या, कुरडया वाळवा. माझा राग तेलानं जाणारा नाही. एक बाई माझ्याकडं आली होती ती खरी ठरायला, आणि तुम्ही सगळ्यांनी मिळून तिला पास केलं.

तुमच्या घरात कुणी चढावर थांबत असेल, ओझं उतरवून भिंतीला टेकत असेल, आणि विचारल्यावर काही नाही म्हणत असेल, तर तिच्या शब्दावर जाऊ नका. तिचा हात बघा. त्या हातानं भिंत किती घट्ट धरलीय ते बघा.